तसदीबद्दल क्षमस्व

केबिन रोडवरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात अर्जाचे तीन भाग असतात. वर 'महोदय', मध्ये गाऱ्हाणं आणि खाली 'तसदीबद्दल क्षमस्व'. वरचं आणि खालचं कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं, गिऱ्हाईक फक्त मधलं घेऊन येतं. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, दाखल्यावर बापाचं नाव चुकलंय, काहीही असो. ज्याच्याकडे काम अडलंय त्याला थोडं लोणी लावावं लागतं, हे मी रत्नागिरीहून लग्न होऊन इथे आल्यावर सासऱ्यांकडून शिकले. दुकान त्यांचंच. आपल्या क्षमस्वमुळे अर्ध्या गोडदेव गावाला रेशनकार्ड मिळालं, असं ते सांगायचे. उरलेल्या अर्ध्यांचं काय झालं, ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

एका दुपारी एक बाई आली. पस्तिशीची, ख्रिस्ती, किनाऱ्याकडच्या एका गावात मासळी विकणारी. बस धरून, स्टेशनाचा पूल ओलांडून पार पूर्वेला आली होती, कारण तिच्या गावातलं टायपिंगचं दुकान चर्चच्या समोरच आहे. स्टुलावर बसली आणि बोंबलाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मी तेरा वर्सांची होते. दर रविवारी प्रार्थना शिकवायला फादर होते. त्यांनी माझ्याशी वाईट केलं. एकदा न्हाय. आता ते दुसऱ्या गावात हायेत, तितंबी पोरांनाच शिकवतात. पोलिसात अर्ज द्यायचाय. एक प्रत चर्चच्या समितीला."

मी स्वभावाने तोंडाळ. गिऱ्हाईकाचं गाऱ्हाणं अर्ध्यात तोडून पुढचं मीच सांगते. त्या दिवशी एकदाही तोडलं नाही. ती सांगत गेली, मी टाईप करत गेले, आणि संतापाने बटणं अशी बडवली की कीबोर्डवरचं एक खिळखिळं झालं. तिने वाचून सही केली, पैसे दिले आणि गेली.

आठवड्याने परत आली. कागद माझ्या पुढ्यात ठेवून शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "ह्ये कोनी लिवलं?"

तसदीबद्दल क्षमस्व. आपली कृपाभिलाषी.

सवयीने तो साचा आपोआप येऊन बसला होता. सहीच्या वेळी तिची नजर मधल्या मजकुरावरच होती, आणि माझी कुठेच नव्हती. पोलीस ठाण्यातल्या बाई अधिकाऱ्यांनी तिचा जबाब वेगळा नोंदवून घेतला होता, तिथे काही बिघडलं नव्हतं. बिघडलं समितीपुढे. तिथले एक गोड बोलणारे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले होते, "बघा, बाईंनी स्वतःच क्षमा मागितलीय. म्हणजे त्यांच्या मनात राग उरलेला नाही." मग त्यांनी एक पाकीट पुढे सरकवलं आणि त्यासोबत एक कागद. तक्रार मागे घेते आणि याविषयी कुठेही बोलणार नाही, असा.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"बोलले, मासळी कुजली म्हंजे गिऱ्हाईकाला गप बसायचे पैशे देत न्हाईत. मासळी फेकतात."

मी हसले आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली. तिच्या तोंडात माफी मीच कोंबली होती. मी तिला सॉरी म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुमी नका चालू करू."

कोर्टातून बायकांना फुकट वकील मिळतो, हे मला असे अर्ज टाईप करून करून ठाऊक होतं. तसा अर्ज केला, या वेळी खाली काही न लावता. वकील मिळाली ती पोरसवदा मुलगी, पण जीभ धारदार. कागद टाईप करायला ती माझ्याच दुकानात यायची, त्यामुळे फुकटात माझंही शिक्षण झालं. इतक्या गंभीर गुन्ह्याच्या तक्रारीला मुदत नसते, वीस वर्षांनीही देता येते. केस मात्र घडलं तेव्हाच्या कायद्याने चालते. आपसात कागद करून ती मिटत नाही, पाकीट कितीही जाड असो. नुकसानभरपाई सरकारी योजनेतून मागता येते, त्याला गप्प बसण्याची अट नसते आणि आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावंही लागत नाही. संस्थेवर वेगळा दावा लावता येतो. आणि बाईचं नाव कुणालाही छापता येत नाही. म्हणून तर मीही इथे कुणाचं नाव सांगत नाहीये.

"फक्त भरपाई मागायला उशीर झालाय," वकील म्हणाली. "सोबत विलंब माफीचा अर्ज जोडू."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "परत माफी मीच मागू?"

"कोर्टात त्याला तसंच म्हणतात हो," वकील कानकोंडी होऊन म्हणाली.

"मंग उशीर का झाला त्येबी लिवा. तेरा वर्सांच्या पोरीचं ऐकतंय कोन?"

ते वाक्य मी जसंच्या तसं टाईप केलं. वकिलाने कोर्टाच्या भाषेत त्याची इस्त्री करायला घेतली, पण बाईने तिचा पेन काढून घेतला. ते तसंच कोर्टात गेलं.

तपास सुरू होता, भरपाईचा अर्जही पुढे सरकत होता. एका शनिवारी ती समितीकडून आलेलं पत्र घेऊन आली. मी वाचायला घेतलं. वर 'महोदया', मध्ये दोन गोल गोल परिच्छेद, आणि खाली: 'सदर बाबीमुळे आपणास झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व. तरी उदार मनाने तक्रार मागे घ्यावी, ही नम्र विनंती.' साचा हुबेहूब आमच्याच दुकानातला. सासरे असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

ती स्टुलावर सरसावून बसली. "म्हंजे ह्यो त्यांचा अर्जच झाला ना, माझ्याकडं?"

"झाला की."

"मंग उत्तर लिवा."

तीस वर्षांत नामंजूर झालेले अर्ज मी ढिगाने पाहिलेत. लोकांनी ते माझ्यासमोर फाडलेत, काहीजण तर माझ्यावरच ओरडलेत. पण नामंजूर करणारं पत्र टाईप करायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला भलतीच मजा येत होती. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' खाली 'प्रत: पोलीस ठाणे' असंही घातलं. मग नियमाप्रमाणे मान वर करून विचारलं, "कारण काय लिहू?"

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"उद्या रविवार हाय," ती म्हणाली. "उद्याबी फादरांचा वर्ग भरंल."

कारण म्हणून मी तेवढंच लिहिलं. खाली तिने सही केली.