पाय मोडायच्या आधी कुठे जेवलात?

आल्प्सच्या डोंगरांत बर्फावर घसरायला गेलेल्या माणसाने दुपारी कुठे जेवावं, हे माझ्या साडूंइतकं चांगलं जगात दुसऱ्या कुणालाही कळत नव्हतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्यांनी स्वतः बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. तोही महिन्यातून एकदा, शुक्रवारी, फ्रीज बंद करून वरचा कप्पा उलथन्याने खरवडायचा असे तेव्हा. बाकी त्यांचं आयुष्य चिपळूण आणि बहरीन या दोन ठिकाणी गेलं, आणि दोन्हींना थंडीशी फारसं देणंघेणं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहरीनमधल्या सलमानियाच्या इस्पितळात मला एक्स-रे काढायची नोकरी लागली ती त्यांच्या खटपटीने, त्यामुळे पुढची पंधरा वर्षं त्यांचं ऐकून घेणं मला भागच होतं. ते मनामाच्या बाजारात एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं लिहीत. तेव्हा विमानाची तिकिटं हातानेच लिहायची असत, आतल्या पानांना लाल कार्बन लावलेला असे, आणि साडूंची बोटं कायम कुंकवात बुडवून काढल्यासारखी दिसत. गिऱ्हाइकं बहुतेक गोरी. तेल कंपनीतले, बँकांतले. ही माणसं वर्षभर उन्हाच्या नावाने बोटं मोडत आणि जानेवारी-फेब्रुवारीत, बहरीनची हवा कुठे जरा माणसात आली की, बर्फाकडे पळत. यात काही विसंगती आहे असं साडूंना वाटत नसे. मेमध्ये चाकरमानीही कोकणात उकडायला जातातच, असं ते म्हणत.

सगळं सुरू झालं ते एका साहेबाच्या तक्रारीने. सुट्टीहून परतलेल्या या साहेबाने काउंटरवर येऊन सांगितलं की विमान उत्तम, हॉटेल उत्तम, पण दुपारी डोंगरावर मिळालेलं जेवण कुत्र्यानेही हुंगलं नसतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आम्ही तिकिटं विकतो, जेवणाचं आम्हाला काय सांगता. साडूंच्या मात्र ते जिव्हारी लागलं. त्यांच्या वडिलांची चिपळूणला एस.टी. स्टँडच्या मागे खानावळ होती. आपण धाडलेला माणूस अर्धपोटी परत आला, ही गोष्ट त्यांच्या घराण्यात बसत नव्हती. त्यांनी साहेबाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "जेवलात नक्की कुठे?" साहेब म्हणाला, वर, डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा जिथे थांबतो तिथे. साडूंनी कपाळावर हात मारला.

त्याचं कारण असं, की गाडी थांबते तिथे जेवू नये हा साडूंच्या वडिलांचा मूलमंत्र. घाटाखाली एस.टी. ज्या हॉटेलपाशी थांबते, तिथे ड्रायव्हर-कंडक्टरला बिनपैशाचं जेवण असतं आणि त्याचा भार उतारूंच्या उसळीत पाणी घालून हलका केला जातो. गिऱ्हाईक अडलेलं आहे आणि पुन्हा येणार नाही, हे मालकाला ठाऊक असतं. शहाण्या माणसाने खाली उतरावं, दोन गल्ल्या मागे जावं, हमाल कुठे बसलेत ते बघावं आणि त्यांच्या शेजारी बसावं. साडूंनी हा नियम जसाच्या तसा आल्प्सला लावला. साहेबाला त्यांनी लिहून दिलं: पाळण्यापासून खाली वीस मिनिटं चाला, बर्फ उपसणारी माणसं कुठे जेवतात ते बघा, भिंतीवर जेवणाचे फोटो असतील तर बसू नका. पुढच्या वर्षी साहेब चॉकलेटचा हा एवढा डबा घेऊन आला. त्याच्यामागून त्याच्या बँकेतले आणखी सहा आले.

एजन्सीचा मालक बहरीनी, म्हातारा, तरुणपणी मुंबईत मोती विकलेला, त्यामुळे हिंदी अस्खलित. त्याने साडूंना एकदा केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुम वो पहाड़ देखा?"

"नहीं, सेठ."

"बरफ देखा?"

"फ्रिज में."

"खलास," मालक म्हणाला. "किसी को बोलना नहीं."

साडू कुणाला बोलले नाहीत. खोटंही बोलले नाहीत, कारण इतका जाणकार माणूस कधी तिथे गेलाच नसेल अशी शंका कुणाला आलीच नाही. त्यांनी एक दोनशे पानी वही घातली आणि सुट्टीहून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पकडून प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला प्रश्न कायम एकच. गरम होतं का? मग, वाढणारा घाईत होता का, न मागता दुसऱ्यांदा वाढलं का, शेजारच्या टेबलावर कोण होतं, जेवल्यावर झोप आली की चिडचिड झाली. पदार्थाचं नाव ते सगळ्यात शेवटी विचारत. नावाने पोट भरत नाही, असं त्यांचं मत होतं.

यात माझी फरफट व्हायची. बर्फावर घसरायला गेलेल्यांपैकी काहीजण मोडलेले हातपाय घेऊन परत येत आणि पुन्हा फोटो काढायला माझ्याकडे सलमानियात येत. साडूंनी मला तंबी देऊन ठेवली होती, की असा पेशंट आला की ताबडतोब फोन करायचा. एकदा एक स्कॉटिश इंजिनिअर मांडीपर्यंत प्लास्टर घालून वॉर्डात पडला होता. भेटायच्या वेळेला साडू संत्र्याच्या रसाचा डबा घेऊन हजर. त्यांनी स्टूल ओढलं, वही उघडली, प्लास्टरकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण पाय मोडायच्या आधी कुठे जेवलात?" मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पण त्या इंजिनिअरचा चेहरा असा उजळला, की तीन दिवसांत तसा उजळला नव्हता. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात, पाळण्यापासून खाली चालत गेलं की एका म्हातारीचं घर आहे, हिरव्या दाराचं. आत चार टेबलं. जे शिजलं असेल ते ती वाढते. हा गडी तीन वाडगे सूप पिऊन, वर बटाटे आणि चीज खाऊन बाहेर पडला आणि तृप्तीच्या भरात पहिल्याच वळणावर आडवा झाला. "एक पाय गेला तरी मी फायद्यात आहे," तो म्हणाला. साडूंनी हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं.

हिरवं दार मात्र त्यांनी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. बाकी सगळं ज्ञान ते खिरापतीसारखं वाटत, पण ते पान उघडायची वेळ आली की वही मिटत. "ते राहू दे," मला म्हणाले. "तिथे मी स्वतः जाणार आहे." मालकाला, बायकोला आणि मला सोडून ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती.

त्यासाठी त्यांनी तयारीही केली. मिना सलमान बंदरावर एका शीतगृहात आमच्या ओळखीचे एक सावंत होते. ऑगस्ट महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, साडूंनी सावंतांना सांगून गोठवलेल्या कोंबड्यांच्या खोलीत दहा मिनिटं उभं राहण्याची परवानगी मिळवली. हातात भाकरी आणि लसणीची चटणी. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा साडू निळसर दिसत होते आणि भाकरी तशीच होती. "थंडीत भूक पोटात लागत नाही," ते म्हणाले, "कानात लागते. आणि गार अन्न हा गुन्हा आहे." हेही वहीत गेलं.

अन्न गरम असलं पाहिजे, चुलीवरून ताटात येताना त्याला दम खायला वेळ मिळता कामा नये, यावर ते दर शुक्रवारी उम्म अल हस्समच्या आपल्या फ्लॅटमध्ये आम्हा चार-पाच देशबांधवांना जेवता जेवता व्याख्यान देत. त्याचं प्रात्यक्षिकही समोरच असे. ताई, म्हणजे त्यांची पत्नी, आतून फुगलेला फुलका आणून थेट ताटात टाकत, तो फुस्स होऊन बसेपर्यंत दुसरा आणायला वळत. "ताई, तुम्हीही बसा की," आम्ही चौथा फुलका मोडत म्हणायचो. "बसते मागून," त्या म्हणायच्या. आम्ही बडीशेप खात बाहेरच्या खोलीत जायचो तेव्हा त्या बसायच्या. आमटीवर तोवर साय धरलेली असे. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मलाही नाही.

आणि हिरवं दार दर वर्षी पुढे जात राहिलं. हिवाळ्यात एखादी विमान कंपनी एजन्सीला दोन फुकट तिकिटं देई, मालक ती साडूंपुढे ठेवी, आणि साडू हात जोडत. कधी धाकट्या बहिणीचं लग्न, कधी आईचा मोतीबिंदू, कधी खानावळीचं छप्पर, कधी मुलाची बारावी. रजा एकच आणि ती चिपळूणची. साडू पन्नाशीला आले, केस पांढरे झाले, वहीची दुसरी वही झाली. ती म्हातारी आता किती वर्षांची असेल याचा हिशेब ते अधूनमधून माझ्याकडे मोठ्याने करत. ती गेली तर दार लागेल, ही धास्ती त्यांनी घेतलीच होती. शेवटी, सौदीला जाणारा कॉजवे उघडला त्या हिवाळ्यात मालकाने तिकिटं स्वतःच लिहिली आणि त्यांच्या खिशात कोंबली. "यल्ला," तो म्हणाला, "इस साल नहीं गया तो नौकरी मफी." मफी म्हणजे अरबीत 'नाही'.

तिकिटं दोन होती. "मी कशाला?" ताई म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही जा." साडूंनी त्यांना नेलं ते दुसरं तिकीट वाया जाईल म्हणून, हे मी इथे स्पष्ट नोंदवतो. त्याच पाय मोडलेल्या इंजिनिअरने आपले आणि बायकोचे कोट दिले. साडूंचा कोट घोट्यापर्यंत आला. ताईंनी मेतकूट, गूळपोळ्या आणि लिंबाचं लोणचं बांधून घेतलं. "यांना तिकडचं नाही आवडलं तर?" त्या मला हळूच म्हणाल्या. "एवढी वर्षं धरून बसलेत हो, भाऊजी. मला त्याचीच भीती वाटते."

आठ दिवसांनी दोघं परत आली. शुक्रवारी आम्ही सगळे जमलो. मी वही मांडीवर घेतली, पेनचं टोपण काढलं आणि बारा वर्षांचा सूड उगवायला सुरुवात केली.

"दार सापडलं?"

"सापडलं. हिरवंच आहे."

"म्हातारी?"

"आहे. ठणठणीत."

"गरम होतं का?"

साडू विचारात पडले. "असावं," ते म्हणाले.

"असावं म्हणजे? कशाचं सूप होतं?"

"सूप होतं."

"दुसऱ्यांदा वाढलं?"

"लक्ष नव्हतं हो."

मी पेन खाली ठेवलं. या माणसाने मोडक्या पायाच्या पेशंटाला सोडलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, मग तुमचं लक्ष होतं तरी कुठे? एवढ्यात आतून ताईंनी पानं घेतल्याचं सांगितलं. साडू उठले ते पाटाकडे न जाता स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी ताईंच्या हातातलं लाटणं घेतलं. "तू बस," ते म्हणाले. ताईंना काही समजेना. आम्हालाही समजेना.

"त्या म्हातारीने हिला खुर्चीत बसवलं," साडू ओट्याकडे तोंड करून सांगू लागले. "ही सवयीने उठली, ताटल्या आणायला. म्हातारीने खांदा दाबून परत बसवलं आणि पहिला वाडगा हिच्यासमोर ठेवला. माझ्या आधी. वाफा येत होत्या. ही माझ्याकडे बघायला लागली, मी म्हटलं, घे. मग हिने खाल्लं."

"मग?"

"मग काय. मी बघत बसलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. ही गरम जेवताना कशी दिसते ते मला ठाऊकच नव्हतं."

 ताईंच्या हाताखाली आत उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे मी पाहिलं नाही, कारण धीर झाला नाही.

त्या दिवशीचा पहिला फुलका ताईंच्या ताटात पडला. तो एका बाजूने कच्चा आणि दुसऱ्या बाजूने करपलेला होता. बहरीन सोडेपर्यंत दर शुक्रवारी तो तसाच पडत राहिला. या एका विषयात साडूंनी काहीही प्रगती केली नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, कच्चा आहे तो." त्या म्हणाल्या, "असू दे." साडूंची व्याख्यानं मात्र बंद पडली. गिऱ्हाइकांना ते सल्ला देत राहिले, त्यात नवीन भर एवढीच पडली, की बायकोला घेऊन जा. आणि हिरवं दार त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

साडू जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. हिरव्या दाराच्या पानावर इंजिनिअरच्या उत्तरांखाली साडूंनी नवी ओळ आखली होती, "जेवणार: सौ." असं लिहिलं होतं आणि खाली सगळे प्रश्न उतरवून जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. जगाला विचारत सुटलेल्या या माणसाने घरात विचारलंच नव्हतं. मागच्या महिन्यात चिपळूणला गेलो तेव्हा मी वही सोबत नेली. ताई पडवीत बसल्या होत्या. मी पान उघडलं आणि साडूंच्या सुरात पहिला प्रश्न विचारला. गरम होतं का?

ताई हसल्या. 

"जीभ भाजली हो माझी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण बोलले नाही. हे एवढे बघत होते."