मावशींचा किडा परीक्षेला बसतो
कॉलेजच्या प्रयोगशाळेत मावशींनी एकोणतीस वर्षं काचेची भांडी धुतली, पण यंत्राला कधी बोट म्हणून लावलं नाही. सरांची तशी सक्त ताकीदच होती. यंदा विद्यार्थ्यांनी नवंच खूळ काढलं. काही किड्यांच्या पेशींत एक जिवाणू बिऱ्हाड करून राहतो म्हणे, आणि तो आहे की नाही हे डीएनएवरून कळतं. किडे कमी पडले, तेव्हा मावशींनी लाजत लाजत घरच्या पिठाच्या डब्यातला एक आणून दिला. तेव्हापासून बाई हवेतच होत्या.

"अहो, आज आपल्या किड्याची परीक्षा," त्यांनी सकाळी नवऱ्याला सांगितलं.

"आणि नापास झाला तर?"

"व्हायला तो काय तुमच्यावर गेलाय?"

संधी मात्र एकच होती, कारण तपासणीचं रसायन एकदाच पुरेल एवढंच उरलं होतं. जेलीच्या लादीला एका कडेला खाचा होत्या. त्यांत विद्यार्थ्यांनी किड्यांचा डीएनए निळ्या रंगात मिसळून भरला. त्यांच्यातल्या चष्मेवालीनं घाईघाईत तारा जोडल्या, वीज सुरू केली आणि सरांसकट सगळे कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकापाशी वाद घालायला पळाले.

वीज सुरू झाली की निळा रंग डीएनएला घेऊन लादीभर पुढे सरकतो, हे मावशींनी सरावाच्या वेळी दहादा पाहिलं होतं. आज तो उलटा निघाला होता. लाल तार पलीकडच्या कडेला हवी, ती खाचांच्याच बाजूला लागली होती. आणखी थोडा वेळ गेला असता, तर त्यांचा किडा लादीभोवतीच्या पाण्यात विरघळला असता.

"सर, उलटं चाललंय."

"हो हो मावशी, ठेवा तिथंच," सर मान न वळवता म्हणाले.

मावशींचं डोकं फिरलं. त्यांनी बटण बंद केलं, झाकण उचललं, तारांची अदलाबदल केली आणि बटण पुन्हा दाबलं. हसू काही आवरेना.

तासाभरानं लादी जांभळ्या दिव्याखाली गेली. मावशींच्या किड्याच्या रांगेत एक पट्टी लख्ख चमकली. म्हणजे जिवाणू होता, किडा पास.

"पण मी तर तारा उलट्या लावल्या होत्या," तारा काढताना चष्मेवालीला आठवलं. "मग या सरळ कुणी केल्या?"

"मी," मावशी म्हणाल्या. "सांगितलं, तर कुणी ऐकेना."

सरांनी लाल तार मावशींच्या हातात दिली. मग म्हणाले, "उद्यापासून तारा तुम्हीच जोडायच्या."

आनंदाच्या भरात मावशींनी धुतलेल्या सगळ्या बाटल्या पुन्हा एकदा धुऊन काढल्या.