धबधब्याजवळची झोप

आमच्या गल्लीतला कापडाचा शेवटचा लूम बंद झाला आणि बाबांची झोप उडाली. लोकांची झोप आवाजानं मोडते, आमच्या बाबांची शांततेनं मोडली. आधी मला हसूच आलं. उभा जन्म खटखट ऐकलीत, आता कानांना जरा सुट्टी द्या, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. पण महिना झाला तरी ते रात्रभर खाटेच्या कडेला बसून राहायचे, कुठून मशीनचा आवाज येतोय का म्हणून मान कलती करून. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दिवसा गुंगी यायची, रात्री डोळे टक्क उघडे. जेवण सुटलं. एकदा त्यांनी मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली, जी लहानपणीच गेली. तेव्हा मात्र मी घाबरले.

एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "मला एकदा धबधब्याजवळ ने. तिथं झोप लागंल."

"बाबा, तो धरणात गेलाय. तुम्हीच तर सांगता."

"मला काय ठाव न्हाय? तू चल."

हा धबधबा आमच्या घरात दुसऱ्या आजोबांसारखा होता. दोन पुरुष उंच, उन्हाळ्यातही न आटणारा, आणि त्याच्या पायथ्याशी बाबांचं गाव. पाण्याच्या आवाजात हाक पोचायची नाही म्हणून गावातली माणसं हातांनी बोलायची. पुढं खालच्या अंगाला धरण झालं, पाणी मागं सरकत आलं आणि गावासकट धबधबाही बुडाला. बाबा भिवंडीला आले, लूमवर लागले. तिथंही बोललेलं ऐकू येत नसे. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, मूठ तोंडाशी नेली की चहा. नव्या माणसाला ही भाषा शिकायला वेळ लागे, बाबा पहिल्या शिफ्टपासून बोलायला लागले. डबा द्यायला जाऊन जाऊन तीच भाषा मलाही आली. बाबांनी त्यात गावाकडचे हात कधी मिसळले, ते मला कळलंही नाही.

मे महिन्यात पाणी उतरतं म्हणून आम्ही मेमध्येच गेलो. गणेशपुरीपर्यंत एसटी, पुढं रिक्षा, मग पाऊलवाट. बाबा पुढं, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं. इतके दिवस न झोपलेला माणूस असा चालतो कसा, मला कळेना.

धबधब्याचा कातळ पाण्याबाहेर आला होता. त्याच्या वरच्या अंगाला पाणी आणि खालच्या अंगालाही पाणी, दोन्ही एकाच पातळीत, हलत नव्हतं. पडायला जागाच उरली नव्हती. काठापाशी चिखलातून गावातल्या उंचावरच्या एका घराचा चौथरा वर आला होता. उन्हात कुठं पाखरू बोलत नव्हतं. मला ती जागा मुळीच आवडली नाही.

बाबांनी चपला काढल्या, टॉवेल डोक्याखाली घेतला आणि कातळावर आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले. मला रडू आलं. महिनाभरानं मी त्यांचं घोरणं ऐकत होते.

वरच्या पाड्यावरची एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. तिनं मला लांबूनच हातानं विचारलं, कोण? मीही हातानंच सांगितलं, बाप आहे, झोपलाय. मग जवळ येऊन ती मोठ्यानं म्हणाली, "हितं हळू बोललेलं ऐकू येत न्हाय, बाय."

"पण आता आवाज कुठंय?"

तिनं हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. मी गंमत म्हणून हळूच स्वतःशी बोलून बघितलं. ओठ हलले ते मला जाणवलं, पण शब्द काही ऐकू आला नाही. पुन्हा बोलून बघायचा धीर मला झाला नाही.

ऊन कलायला लागलं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी बाबांना हाका मारल्या. ते उठेनात. खांदा हलवला तेव्हा डोळे उघडले, पण नजर माझ्यावर नव्हती. त्यांनी डोक्यावरून पदर घेतल्यासारखा हात फिरवला आणि तळवा उलटा केला. आई कुठंय? त्यांची आई, माझी आजी, मी जन्मायच्या आधीच गेली. अर्धवट झोपेतल्या मुलाला समजवावं तसं मी हातांनी सांगून टाकलं, घरी आहे, जेवायला बोलावतेय, उठा.

बाबा उठले आणि सरळ पाण्याकडे चालायला लागले.

चौथऱ्याच्या दिशेनं ते चालले होते. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला, मग पाणी गुडघ्यापर्यंत. मी जीव खाऊन ओरडले, बाबा, मागं या, बाबा. घसा फाटला, पण माझा आवाज माझ्यापाशीच राहिला. मी चिखलात उतरले आणि पाय रुतून पडले. म्हातारी मात्र लुगड्यासकट पाण्यात शिरून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे उघडे करून छातीसमोर धरले. थांब.

बाबा थांबले. लहान मुलासारखे तिच्या मागं परत आले. त्यांचे पाय मी माझ्या ओढणीनं पुसले. मी खोटं सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं, याची मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांचा चेहरा तरतरीत दिसत होता. झालेली झोप दिसतच होती. वज्रेश्वरी मागं पडल्यावर मी विचारलं, "बाबा, मी एवढ्या हाका मारल्या. तुम्हाला ऐकूच आल्या नाहीत?"

"आल्या ना," ते म्हणाले. "पण आईची हाक जवळून येत होती."