एकाच बाजूला फिरणारी बांगडी

लिही, माझ्या धाकट्या बहिणीचं लिही. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे, अंगापिंडाने तेवढीच ती. पण पाण्याखाली गेलेल्या माणसाचा जीव जिच्या मुठीत असायचा, ती हीच चिमणी बरं का!

तिचा नवरा पाणबुड्या. धक्क्याला लागलेल्या बोटींच्या पोटाखाली जायचं, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, हा त्याचा धंदा. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक चिमणीच्या हातात. पाणी असं गढूळ की खाली स्वतःचा हात दिसायचा नाही, मग घड्याळ काय दिसणार, कपाळ! म्हणून त्याने आपलं घड्याळ हिच्या मनगटाला बांधलं. पुरुषी, जाडजूड, पार कोपरापर्यंत घसरायचं. पट्ट्याला दाभणाने एक भोक जास्तीचं पाडलं, तेव्हा कुठे जागेवर राहिलं.

आता गंमत अशी, की चिमणीला घड्याळच कळायचं नाही. आम्ही बहिणी शाळेची पायरी कुठे चढलो?

"अहो, एवढे काटे, एवढे आकडे, माझ्या डोक्याचा भुगा होईल," ती म्हणाली.

"आकडे बघूच नकोस. काचेभोवती ही कडी आहे ना, ती फिरते. मी बुडी मारली की कडीवरचा त्रिकोण मोठ्या काट्यासमोर आणायचा. त्याच्यापुढे लाल पट्टा आहे. काटा लालातून चालत राहील. लाल संपलं की टाकीतली हवा संपत आली, मला ओढायचं."

"कडी कसली, बांगडीच आहे की ही!"

झालं, तेच नाव पडलं. पाण्यात उतरायच्या आधी तो विचारायचा, "बांगडी भरली?" ही म्हणायची, "भरली." मगच धप्पकन उडी.

धक्क्यावरचे लोक गप्प बसतात होय? "बायकोच्या हातात दोरी दिलीस, हातात बांगड्या भरल्यास का रे?"

पाणबुड्या हसायचा. "मी कुठे? माझ्या घड्याळाने भरलीय."

पण त्या बांगडीची एक खोड होती. टिक टिक करत डावीकडेच फिरायची. जरा जास्त सरकली की उजवीकडे आणायची सोय नाही, अख्खा फेरा घालायचा. चिमणीला वाटलं, मेली बिघडली. नवऱ्याला न सांगता गेली घड्याळवाल्याकडे. "दोन्हीकडे फिरेल अशी सैल करून द्या."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "बाई, बिघडली नाही, शहाणी आहे ती. कशावर आपटली तर डावीकडेच सरकणार. मग लाल लवकर संपल्यासारखं दिसतं. माणूस लवकर वर येईल, उशिरा कधीच नाही."

"म्हणजे खोटं बोलली तरी..."

"तरी माणसाला घरी आणणारंच बोलेल."

चिमणीने घड्याळ पदराने पुसलं आणि परत बांधलं. तिच्या तोंडावर असं काही तेज, जणू बांगडीचं नाही, तिचंच कौतुक झालं!

पुढे एकदा, ऐन थंडीत, मोठ्या बोटीच्या पंख्यात जाळं गुंडाळलं. बोटमालकाला भरतीबरोबर निघायची घाई. धक्क्याचा मुकादम आधीच तणतणत होता, "तुझी बायको फार लवकर ओढते. आज काम अर्धवट राहिलं तर दोरी माझ्या माणसाकडे." चिमणीने सगळं ऐकलं.

पाणबुड्या खाली गेला. मधेच बोट हलली, दोरीला हिसका बसला आणि हिचं मनगट लोखंडी कठड्यावर आपटलं. बांगडी सरकली की नाही? कळेना. थोड्या वेळाने बघते तर काटा लालाच्या बाहेर. तिने दोरी धरली.

"अगं थांब!" मुकादम ओरडला. "आत्ताच तर उतरला!"

"होऊ दे ना थोडं!" बोटमालकानेही री ओढली.

हिलाही आतून वाटत होतं, अजून वेळ असणार. आज ओढलं तर दोरी गेली हातातून. पण सरकली नसेल तर? बांगडी काय, वेळेवर झाली म्हणेल, नाहीतर वेळेआधीच झाली म्हणेल. भरपूर वेळ आहे, असं खोटं तिला बोलताच येत नाही. चिमणीने पाय रोवले आणि ओढलं.

तो वर आला तो फणफणतच. "अगं, आत्ताच तर गेलो होतो!" बोलताना दात कडकड वाजत होते. तेवढ्यात हातातला चाकू खाली पडला. उचलायला वाकला, तर बोटं मिटेचनात. गारठून लाकूड झाली होती. त्याने बोटांकडे बघितलं, मग बायकोकडे.

"ह्या बोटांनी जाळं कापत होतो मी?"

गरम पाण्यात हात धरले, जरा ऊब आली. मुकादम पुढे झाला, "आण ती दोरी इकडे."

"दोरी तिच्याकडेच राहील," पाणबुड्या म्हणाला. "नाहीतर जाळं तुम्ही काढा." आणि नवी टाकी चढवून सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडला, "बांगडी भरली?"

"भरली!" चिमणीही तेवढ्याच जोरात.

लालातला थोडा तुकडा उरला असतानाच जाळ्याचा बोळा घेऊन तो वर आला. बोट भरतीबरोबर गेली. आणि ऐक, पुढे दुसरा एक पाणबुड्या आपल्या बायकोला घेऊन आला. "वहिनी, हिलाही बांगडी भरायला शिकवा." बांगड्यांची ती थट्टा तिथेच मेली.

आता दोघं म्हातारे झाले. पाणी सुटलं, दोरी सुटली. पण घड्याळ तिच्याच हातात आहे. तो आंघोळीला गेला की ही अजून बांगडी फिरवते, आणि लाल संपलं की दार ठोठावते, "अहो, या वर!"