मोनालीचा डबा अन् मिस्त्रीचा हात

घनश्याम मिस्त्री आता सोताच हसत हसत कबूल करते, की मोनाली पह्यल्यांदा कापसाच्या जिनिंगात आली तवा त्याले ती पोलिओ डोसवाली वाटली. खांद्याले निळी पेटी, तोंडाले दुपट्टा, अन् गेटातून सरळ आत आलेली स्कूटी. मिस्त्रीनं लगेच मजुरायच्या खोल्यायकडे निरोप धाडला. बाया लेकरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या झाल्या. मोनालीनं पेटी उघडली तर आत पेचकस, पकड अन् वायरीच वायरी. समोरचं लेकरू तरी आ करूनच उभं. तिनं त्याले एक बिस्कीट देल्लं अन् गेली आपल्या कामाले.

मोनाली आर्णीचीच. यवतमाळले राहून कॉम्प्युटरचं शिकली, अन् आता आजूबाजूले कुठंही नेटवर्क बंद पडलं की लोक तिलेच बोलावतात. भल्ली नखरेल हाय बापा, आपल्या कामाची तारीफ सोताच करते. अन् धास्ती किती! घरून निघताना गॅसचं बटन पाह्यते, नवऱ्याले पाहाले लावते, अन् गल्लीच्या टोकावरून फोन करून पुन्हा विचारते. रोशन बिचारा म्हणते, "माह्यावर भरोसा नाई का तुहा?"

"तुह्यावर हाय. गॅसवर नाई."

तर ते बोंडअळीचं साल. कापूस आधीच कमी, त्यात जिनिंगातला नेटवर्कचा स्विच रोज दुपारी मान टाकून राह्यला होता. पोळ्यायच्या डब्याएवढा डबा तो, पण काट्यावरचं वजन त्याच्यातूनच ऑफिसात जाते. तो बसला की वजन बंद, गाड्या उभ्या. मंग शेतकरी कायले थांबते? गाडी वळवते अन् दुसऱ्या जिनिंगात नेते. मोनालीनं शेठले सांगितलं, याच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं झालं, नवं टाकतो. शेठ म्हणले, टाक, पण सोमवारी काटा बंद दिसला तर पुढच्या वेळी दुसरा माणूस बोलावतो.

म्हणून रविवारी काटा बंद असताना ती आली. काट्यावरचा अमरसिंगही आला. मिस्त्री तर तिथलाच, अन् त्याले हे पटलंच नव्हतं.

"अर्धा दिवस तर चालते ना ते बाई. काहून छेडतं त्याले?"

"मामा, तुमची मशीन अर्धा दिवस चालली असती तर तुमी झोपले असते का?"

मिस्त्री तरी हटला नाई, खुर्ची घेऊन बाजूलेच बसला.

मोनालीनं आधी स्विचच्या साऱ्या सेटिंगची नक्कल लॅपटॉपात घेतली, पेनड्राइव्हातही घेतली. जुनं सॉफ्टवेअर पुसलं नाई, नवं फसलं तर त्याच्यावर परत येता यावं म्हणून. नवी फाईल पुरी उतरली का, ते कंपनीनं देल्लेल्या लांबलचक कोडाशी ताडून पाह्यलं. मंग शेठच्या केबिनातला इन्व्हर्टर उचलून आणला अन् स्विच त्याच्यावर लावला. अमरसिंग म्हणे, "ताई, लाईन तर हाय ना."

"हाय. जाणार नाई असं लिहून दे, मंग काढतो."

अमरसिंगनं काई लिहून देल्लं नाई.

सारं झाल्यावर तिनं स्विच पुन्हा सुरू कराचा हुकूम सोडला. डब्यावरचे हिरवे दिवे एका दमात गेले. एक पिवळा तेवढा लुकलुकत राह्यला. लॅपटॉपवर एकच ओळ, ती हालेना.

"मेलं वाटते," अमरसिंग हळूच म्हणला.

आता जिनिंगातल्या माणसाचा हात कसा असते पाहा. मशीन अचानक चूप झाली की आधी विजेचं मेन पाडाचं, मंग अडकलेला कापूस काढाचा. एक ठिणगी पडली तर गंजीच्या गंजी जळून जातील. मिस्त्रीची उमर त्याच्यातच गेली. विचार कराच्या आधी हात गेला, अन् भिंतीवरचं मेन खटकन खाली.

पंखा थांबला. बल्ब गेला. मोनालीनं हात जागचा हालू देल्ला नाई. नजर डब्यावर. पिवळा दिवा इन्व्हर्टरवर लुकलुकतच होता.

"मामा," ती म्हणली, "आता कोणत्याच गोष्टीले हात लावू नका. सोताच्या मिशीलेही."

तिघंही बंद खोलीतल्या अंधारात घामाघूम होऊन त्या दिव्याकडे पाहात बसले. मिस्त्रीले आपला हात कुठं ठेवावा समजेना, शेवटी त्यानं तो मांडीखाली दाबला. अन् मंग एक हिरवा दिवा लागला. त्याच्या बाजूचा लागला. लॅपटॉपवर ओळी पळाले लागल्या. मोनालीनं नवं व्हर्जन पाह्यलं, सेटिंग साऱ्या जागेवर हाय का ते पाह्यलं, मंग मेन लावाले सांगितलं अन् अमरसिंगले रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवाले लावला. वजन ऑफिसात उमटलं. तिनं ट्रॅक्टर उतरवून पुन्हा चढवाले लावला.

सोमवारी दुपारी काटा एकदाही बसला नाई. शेठ खुश, चहा सांगितला. चहावर मिस्त्रीचा आवाज चढला.

"खरं सांगू का शेठ, ते अडकलंच होतं. मी मेन पाडलं म्हणून मोकळं झालं. मशीनची जात सारखीच."

"असं?" मोनालीनं बशी खाली ठेवली. "मेन पाडल्यावर बल्ब गेला का मामा?"

"गेला."

"पंखा थांबला?"

"थांबला."

"डब्याचा दिवा गेला?"

मिस्त्रीनं अमरसिंगकडे पाह्यलं. अमरसिंग बशीत पाहून हसून राह्यला होता.

"नाई गेला," मिस्त्री म्हणला.

"मंग तुमी पंखा दुरुस्त केला मामा. शेठ, त्या दुरुस्तीचा चहा वेगळा सांगा."