बारा-चार की चौदा-नऊ

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, माणूस लाखातला. पण दोन गोष्टींतून एक निवडा म्हटलं की त्यांचं घोडं अडलंच. चपला आणायला गेले तर दोन मापांचे दोन जोड घरी येतात. मग एका पायात आठ नंबर, दुसऱ्यात नऊ, अशा फेऱ्या अंगणात सुरू होतात, आणि शेवटी ताईच एक जोड परत करून येते. ताईला बघायला आले होते तेव्हासुद्धा होकार त्यांच्या आईनेच दिला. "तेवढं एक बरं झालं," असं ताई म्हणते. कोणाचं बरं झालं, ते सांगत नाही.

अशा माणसाच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर झिजून गुळगुळीत झाले. ट्रॅक्टर मध्यम ताकदीचा, नांगरणीपासून चारा ओढण्यापर्यंत सगळ्या कामांचा. मेकॅनिकने चाकं काढून दिली आणि भाऊजी टायरच्या दुकानात गेले. मीही बरोबर होते.

"माप बारा-चार देऊ की चौदा-नऊ?" दुकानदाराने विचारलं. "बारा-चार अरुंद. भाजीच्या ओळींमधून नीट जातो. चौदा-नऊ रुंद. मऊ जमिनीत रुतत नाही."

भाऊजींकडे भाजीच्या ओळीही होत्या आणि ओढ्याकाठचं गवताचं मऊ रानही होतं. त्यांनी मान खाजवली.

"ह्यांच्या मधलं काही नाही का?"

"आहे की. तेरा-सहा."

हे त्या भल्या माणसाने सांगायला नको होतं. आता दोनाचे तीन झाले. भाऊजी जुने टायर तिथेच टाकून रिकाम्या रिमा घेऊन परत आले.

मात्र वरच्या सामानाची खरेदी झटक्यात झाली, कारण तिथे निवडायचं काही नव्हतं, सगळंच घ्यायचं होतं. ऊन लागू नये म्हणून छत आलं, नांगर उचलताना तोंड वर होऊ नये म्हणून पुढे टांगायची लोखंडी वजनं आली, दोन आरसे, गुबगुबीत सीट आणि पाच सुरांचा हॉर्न आला. आता गोठ्यामागे मागून लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला एक नटलेला ट्रॅक्टर उभा होता. त्याला सगळं होतं, मागची चाकं सोडून. भाऊजी रोज त्यावर बसून आरसे नीट करायचे. कोंबडीने हत्यारांच्या पेटीत अंडी घातली.

सल्ला मात्र जोरात चालू होता. न्हाव्याला विचारून झालं, पोस्टमनला विचारून झालं. गाय तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही सोडलं नाही. ते म्हणाले, "मला खुरांचं विचारा हो, टायरचं काय विचारता!"

इकडे चारा ताईच्या डोक्यावरून येत होता. तिची मान धरली. मग एके दिवशी भाऊजी चुलत भावाच्या लग्नाला गेले आणि ताईने मेकॅनिकला बोलावून बारा-चार बसवून टाकले.

भाऊजी परतले. बॅग हातातच. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "हे काढा."

"काय?" ताईचा कानांवर विश्वास बसेना.

"चौदा-नऊ हवेत. भाजीच्या ओळींत आपण ट्रॅक्टर घालतो कधी? तिथे तर खुरपणीच असते. रोजचं काम ओढ्याकाठी."

"अहो, मग हे इतके दिवस का नाही सुचलं?"

"तू बारा-चार लावलेस ना, ते बघितल्यावर सुचलं."

ताई चिडली. "रुतला तर बघू," म्हणाली आणि गवताची ट्रॉली जोडायला लावली. ओढ्याकाठी पोचताच मागची चाकं अशी खाली गेली की भाऊजींचं छत शेजाऱ्याच्या मक्याच्या उंचीला आलं. शेजाऱ्याने दोर लावून ओढून काढला. ताईने दोन्ही टायर घासूनपुसून चकाचक केले, दुकानदाराची मनधरणी केली आणि बदलून आणले. चौदा-नऊवर ट्रॅक्टर तिथून भरल्या ट्रॉलीसकट बाहेर आला. भाऊजींनी पाचही सूर वाजवले.

ताईला तेव्हा किल्ली सापडली. ह्यांना विचारायचंच नाही, भलतंच काहीतरी ठरवून मोकळं व्हायचं. पंपाची जागा, मुलीच्या खोलीची खिडकी, सगळं तिने असंच मार्गी लावलं. ती उलटं ठरवते, भाऊजी ताडकन सुलटं सांगतात.

परवा बैठकीच्या खोलीला रंग द्यायचा होता. तिला हवा होता पांढरा. म्हणून तिने रंगाऱ्याला मुद्दाम गडद जांभळा सांगितला आणि एक भिंत होऊ दिली. भाऊजी आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," म्हणाले. "चारही भिंतींना द्या."

काल मी गेले होते. बैठक वांग्यासारखी झाली आहे. ताई चहा ओतताना मला म्हणाली, "निवड ह्यांची," आणि भाऊजी भलतेच खूश दिसले.