दादाला उठवताना

जहाजावर सगळे त्याला जागल्या म्हणत. खरं तर तोही थोरल्या भावाबरोबर लढायलाच ताफ्यात भरती झाला होता. पण एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास वर्षानुवर्षांचा, म्हणून सैनिकांना औषध देऊन झोपवून न्यायचे आणि लढाईच्या तोंडावर उठवायचे, अशी ताफ्याची रीत. ते औषध याच्या अंगाला मानवलंच नाही. पहिल्याच खेपेला अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. डॉक्टरांनी हात टेकले. "हा काही झोपायचा नाही. ठेवा जागा." मग झोपलेल्यांची राखण करायला जी मोजकी माणसं लागत, त्यांत त्याची वर्णी लागली.

दादा तोफेवरचा. डोळे मिटायच्या आधी म्हणाला, "सांभाळ रे छोट्या. आणि घोरलो तर कुणाला सांगू नकोस."

बारा वर्षं उलटली. जागल्याच्या डोक्यावर पांढरं पडलं, नाकावर चाळिशी आली. काचेखाली दादा मात्र होता तस्सा; गालावर सुरकुती नाही की केसांत रुपेरी तार नाही. धाकटा थोरला झाला आणि थोरला धाकटा. रोजच्या फेरीत जागल्या त्याच्यापाशी थांबायचा, कुठला पंप कुरकुरतोय, आज कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं सांगायचा. "हुं तरी म्हण की," असंही वर म्हणायचा.

मग एकदा घरून निरोप आला. आई गेली होती. त्या दिवशी त्याला दादाच्या काचेपाशी उभं राहवेना. कुठलीशी नळी बसवायची आहे असं म्हणत तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पुढे फेऱ्या सुरू झाल्या, पण बोलणं आटलं.

झोपलेल्याला उठवणं हे सबुरीचं काम. आधी ऊब द्यायची, पाय चोळायचे, चमच्याने कोमट पातळ काहीतरी पाजायचं, कठड्याला धरून चालवायचं. हाताची थरथर थांबली की मगच जागल्या 'तयार' म्हणायचा, आणि तोपर्यंत त्या माणसाला कुणी कामाला लावत नसे. यात चांगला आठवडा जाई.

एका सकाळी कप्तानबाई स्वतः खाली आल्या. "शत्रू लवकर पोचतोय. परवा गाठ पडेल. सगळ्यांना उठवा."

"परवा? बाई, माणसं आहेत ती, बटण दाबलं की लागायला दिवे नाहीत. हात थरथरतील त्यांचे. काहींचे कायमचे जातील."

कप्तानबाईंचे डोळे जागरणाने सुजले होते. "ठाऊक आहे मला. पण जिच्या राखणीला आलो ती वस्ती आपल्या पाठीशी आहे, पोरंबाळं आहेत. थरथरते हात की झोपलेले हात? तुम्हीच सांगा."

जागल्याने काचांखालची ऊब सुरू केली. इकडे आड, तिकडे विहीर.

दादाने डोळे उघडले आणि पुटपुटला, "काका, पाणी."

जागल्याने चमचा पुढे केला. "काका नाही रे. मी. छोट्या."

दादा बघतच राहिला. मग हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. "अरे, तू तर बाबांसारखा दिसायला लागलास! आई काय म्हणतेय? बरी आहे ना?"

"बरी आहे," जागल्या म्हणाला. "पाऊल टाक आधी."

दुसऱ्या दिवशी त्याने दादाच्या हातात पाण्याचा पेला दिला. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. "दादा, तू तयार नाहीस म्हणून सांगतो मी वर. तुझ्याच्याने होणार नाही."

"मग तोफेवर कोण, तू? माझ्या शेजारच्याला तर अजून उभंही राहता येत नाही." दादाने पेला खाली ठेवला. "म्हण तयार."

आणि जागल्या म्हणाला, "तयार."

लढाई जेवण उरकायला लागतो तेवढ्या वेळात संपली. शत्रूचेही बार भलतीकडेच जात होते. त्यांचीही माणसं बहुधा नुकतीच उठवलेली. शेवटी त्यांनी तोंड फिरवलं. वस्ती वाचली. पण खालच्या तोफेवरचं एकही माणूस परतलं नाही, आणि त्या सगळ्यांना जागल्यानेच 'तयार' म्हटलं होतं.

दादा वरच्या तोफेवर होता, तो आला, पण त्याचा उजवा हात थरथरायचा थांबला नाही. त्याच संध्याकाळी जागल्याने त्याला आईचं सांगितलं.

"खोटं सांगून धाडलंस मला?"

"खरं सांगितलं असतं तर तू..."

"ते माझं मी बघितलं असतं! तू कोण ठरवणारा?"

परतीला सगळे पुन्हा झोपले. दादाला मात्र डॉक्टरांनी औषध द्यायचं नाकारलं. बाकीचे हळूहळू सावरले होते; ज्याची थरथर थांबलीच नाही त्या अंगाला ते दुसऱ्यांदा सोसलं नसतं. राखणीच्या एका पाळीला उरले हे दोघं भाऊ, झोपलेल्यांच्या त्याच लांबलचक खोलीत, एकमेकांकडे पाठ करून. दादा फेऱ्या मारायला शिकला, काचा पुसायला शिकला. जेवायला समोरासमोर बसत, पण मीठ हवं असलं तरी दादा उठून स्वतः घेई.

कित्येक महिन्यांनी, काच पुसता पुसता, त्याने वर न बघता विचारलं, "शेवटी काही म्हणाली आई?"

जागल्याने निरोपात आलं होतं तेच सांगितलं. "म्हणाली, थोरल्याला मुद्दाम उठवून सांगू नका. झोपू दे त्याला."

दादाने डाव्या हाताने उजवा हात घट्ट दाबून धरला.

"मग उठवलंस कशाला, गाढवा?"

जागल्या पुढच्या काचेकडे वळला. दादाने हातातलं फडकं त्याच्यापुढे धरलं.

"ओलं करून आण," तो म्हणाला. "कोरड्याने डाग जात नाहीत."